मुक्तसंचारी मार्जारसंख्येचे नियमन

ज्या मांजराचा संचार आणि प्रजनन मनुष्याच्या नियंत्रणाबाहेर आहेत, ते मुक्तसंचारी होय. मालकी हा येथे निकष नाही. घरी दूध पिऊन रात्रभर हिंडणारा बोकाही या व्याख्येत येतो.

आहारस्रोतानुसार याचे तीन प्रकार संभवतात : (१) गृहाश्रित, (२) मासळीबाजार, खानावळ, राईस मिल अशा स्थळांवर जगणारे स्थलाश्रित, (३) स्वतःच्या शिकारीवर जगणारे वनाश्रित. हे प्रकार स्थिर नाहीत. गृहाश्रित भाटीची नकोशी पिल्ले बाजारात सोडली की दुसऱ्या प्रकारात जातात.

वृद्धीचे कारण शरीरधर्मात आहे. भाटी साधारणतः पाचव्या-सहाव्या महिन्यात प्रजननक्षम होते. गर्भकाल सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. बीजमोचन मुख्यतः समागमाने प्रेरित होत असल्याने समागम सहसा निष्फळ जात नाही. निर्बीजीकरण न झालेला एक बोकाही अनेक भाट्यांना पुरतो. म्हणून केवळ बोक्यांच्या निर्बीजीकरणाने संख्येला आळा बसत नाही.

उपाय दोन : अपसारण, म्हणजे मांजरे पकडून दूर सोडणे, आणि निर्बीजीकरण. अपसारणाने अन्न तसेच राहते व रिक्त जागी नवी मांजरे येतात. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीत या उपायाचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. गावाच्या पलीकडे वडसा वनविभागाचे जंगल आहे. पोत्यात भरून तेथे सोडलेले मांजर बहुधा उपासमारीने मरते. जगलेच तर तिसऱ्या प्रकारात जाते. पाळीव मांजराचा रानमांजराशी संकर होऊ शकतो आणि त्याचे विषाणुजन्य रोग वन्य मार्जारकुलास बाधू शकतात. वाघाटी या ज्या लहान वन्य मांजरीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, तिच्या भक्ष्यात हा नवा वाटेकरी शिरतो. गावाने स्वतःची अडचण रानावर ढकलावी, यास नियमन म्हणता येत नाही.

निर्बीजीकरण उरते, परंतु ते विरळ केल्यास व्यर्थ. अमेरिकेतील सॅन दिएगो व अलाचुआ या परगण्यांवरील २००५च्या अभ्यासानुसार संख्या घटण्यासाठी ७१ ते ९४ टक्के मांजरे निर्बीज व्हावी लागतात. मुंबई महानगरपालिकेने निर्बीजीकरणाचा मार्ग स्वीकारला आहे. लहान गावाच्या मर्यादित साधनांत संपूर्ण गावभर थोडी थोडी शस्त्रक्रिया करण्यापेक्षा एकेक राईस मिल वा बाजाराचा समूह पूर्ण करणे युक्त. उंदीर-घुशींमुळे मिलमालकास मांजर हवेच असते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर ते मूळ जागी परत सोडण्यास त्याची हरकत नसावी. ओळखीसाठी डाव्या कानाचे टोक छेदले जाते. दर सहा महिन्यांनी त्या समूहातील अखंड कानाची मांजरे मोजावीत आणि ती कोणत्या घरातून आली, याचा शोध घ्यावा. पुढची शस्त्रक्रिया त्या घरच्या भाटीवर.