इजिप्तमधील भुंगेऱ्यांवरील राजनामें व कालनिर्णय

प्राचीन इजिप्तमधील दगडी भुंगेरे संग्राहकांस परिचित आहेत. शेणाची गोळी लोटीत नेणाऱ्या या किड्यांत तेथील लोक उगवत्या सूर्याचें, म्हणजे खेप्री देवाचें, रूप पाहत. अशा ताइताची पाठ किड्यासारखी घडवून सपाट तळावर नांव किंवा चिन्हें कोरीत.

तळावर राजाचें नांव वाचलें कीं वस्तु त्याच्याच काळची, असें समजण्याचा मोह होतो. आमच्या मतें तो टाळला पाहिजे. तिसरा थुत्मोस इ. स. पूर्वी सुमारें १४२५ मध्यें वारला. परंतु त्याचें ‘मेनखेपेर्रे’ हें राजनाम असलेले भुंगेरे पुढें कित्येक शतकें घडत होते. त्या नांवासच रक्षक मंत्राचें महत्त्व आलें होतें. शिवाय एकविसाव्या राजवंशाच्या काळीं आमोन देवाच्या एका महापुरोहिताचें नांवही मेनखेपेर्रे हेंच होतें.

उलटपक्षीं, तिसऱ्या आमेनहोतेपाचे मोठे भुंगेरे हे खरे लेखच होत. असे २०० हून अधिक उपलब्ध आहेत. राजवटीच्या दहाव्या वर्षीं मितान्नीची राजकन्या गिलुखेपा ३१७ स्त्रियांसह आली, अशी नोंद त्यांतील एका प्रकारावर आहे.

तात्पर्य, नुसतें राजनाम म्हणजे मिती नव्हे. पाठीची व पायांची घडण, अक्षरांची ढब आणि उत्खननांतील थर यांची साक्ष घेतल्यावांचून निर्णय करूं नये. बाजारांतून आलेल्या वस्तूची ही शेवटची साक्ष बहुधा कायमची नष्ट झालेली असते. म्हणून प्राप्तिस्थानाचें टिपण वस्तूइतकेंच जपावें, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे.