ऊष्माताण, संरक्षक पोशाखातील
विष, जंतू वा ज्वाला यांपासून रक्षण करणाऱ्या पोशाखात श्रम करताना शरीरात उष्णता साठून पडणारा ताण. स्नायूंत निर्माण होणारी उष्णता मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर पडते. चार्ल्स ब्लॅग्डेन १७७४ साली लंडनमध्ये सु. १२७° से. तापमानाच्या कोरड्या खोलीत काही मिनिटे राहू शकले. याउलट स्थिर हवेत ओल्या फुग्याचे तापमान सु. ३१° से. हून अधिक असल्यास विश्रांतीतही शरीराचे तापमान वाढते, असे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०५ मध्ये दाखविले.

बाष्पाभेद्य पोशाखात त्वचेलगत अशीच दमट हवा कोंडते. त्यामुळे बाहेर थंडी असूनही ऊष्माघात संभवतो. ५ जून १९६६ रोजी जेमिनी–९ए यानाबाहेर यूजीन सर्नन यांच्या पोशाखातील वायुशीतन अपुरे पडले, शिरस्त्राणाची काच बाष्पाने धूसर झाली व नियोजित चाचणी सोडून द्यावी लागली. अपोलो मोहिमांत चंद्रपृष्ठावरील कामासाठी पाणी खेळविणाऱ्या नळ्यांचा अंतर्वेश वापरण्यात आला. पश्चिम आफ्रिकेतील एबोलाच्या साथीत (२०१४–१६) अशी सोय नसल्याने परिचारकांना सामान्यतः तासाभरात रुग्णकक्षाबाहेर यावे लागे. पोशाखाचे रक्षण जितके पूर्ण, तितकी कामाची मुदत अल्प. म्हणून श्रम व विश्रांती यांचे वेळापत्रक हा अशा पोशाखाचाच एक भाग मानला जातो.