खानावळवाल्याचा हिशेब

लाचलुचपतीविरुद्ध लढणारा म्हटला कीं वकील किंवा संपादक आपल्या डोळ्यांपुढें येतो. खानावळवाला सहसा येत नाहीं. अमेरिकेंतील लॉस एंजल्स शहरांत मात्र हें काम क्लिफर्ड क्लिंटन (१९००–१९६९) या खानावळवाल्यानें अंगावर घेतलें. आईबाप साल्व्हेशन आर्मीचे. त्यांच्यासमवेत चीनमध्यें बालपणीं पाहिलेली उपासमार क्लिंटन यांस जन्मभर विसरतां आली नाहीं.

ऐन मंदींत, १९३१ सालीं, त्यांनीं ‘क्लिफ्टन्स’ हें उपाहारगृह काढलें. जेवून संतोष झाला नाहीं तर पैसे देऊं नयेत, अशी तेथील जाहीर रीत होती. पुढील वर्षीं एका तळघरांत एका सेंटांत जेवण मिळूं लागलें. असला धंदा बुडावयाचाच, असें कोणीहि शहाणा व्यापारी म्हणेल. पण १९३५ त ब्रॉडवेवर दुसरी शाखा निघाली!

त्याच सुमारास सरकारी रुग्णालयांतील अन्नव्यवस्था तपासण्याचें काम त्यांच्याकडे आलें. नासाडी कोठें होते हें स्वयंपाकघर जाणणाऱ्यापासून लपत नाहीं. पुढें १९३७ त ते ग्रँड ज्यूरीवर गेले. तेथें जुगाराचे अड्डे, कुंटणखाने आणि त्यांस मिळणारें पोलिसांचें अभय हा विषय निघाला. ज्यूरीचें बहुमत खोलांत शिरण्यास राजी नव्हतें. तेव्हां क्लिंटन यांनीं स्वतंत्र नागरिक-समिति उभी केली. ऑक्टोबरांत त्यांच्या राहत्या घरीं बाँबचा स्फोट झाला. १४ जानेवारी १९३८ रोजीं समितीच्या बाजूनें पुरावा जमविणारे माजी पोलीस अधिकारी हॅरी रेमंड यांच्या मोटारींत दुसरा बाँब उडाला. ते जबर जखमी होऊनहि वांचले. या कृत्याबद्दल शिक्षा झाली ती कोणा गुंडास नव्हे, तर पोलीस-कॅप्टन अर्ल किनेट यास. मग शहर खवळलें. सप्टेंबरांत मतदारांनीं महापौर फ्रँक शॉ यांस मुदतीपूर्वींच पदच्युत करून न्यायाधीश फ्लेचर बावरन यांस निवडलें.

१९४५ त क्लिंटन स्वतः महापौरपदासाठीं उभे राहिले व पडले. त्याचें फारसें वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. त्यांचा जीव पहिल्यापासून अन्नांतच होता. १९४४ तच त्यांनीं जीवरसायनशास्त्रज्ञ हेन्री बोरसुक यांस स्वस्त, पौष्टिक व टिकाऊ अन्न शोधण्यासाठीं ५,००० डॉलर दिले होते. त्यांतून सोयाबीनचें ‘बहुउद्देशीय अन्न’ निघालें. एका जेवणाचा खर्च सुमारें तीन सेंट. तें जगभर पोंचविण्यासाठीं १९४६ त ‘मील्स फॉर मिलियन्स’ ही संस्था स्थापन झाली. पुढें म्हैसूरच्या केंद्रीय अन्न-तंत्र-संशोधन संस्थेनें आपल्याकडील असेंच अन्न तयार केलें. त्यांत तेल काढलेल्या भुईमुगाचें पीठ तीन भाग, हरभऱ्याचें एक भाग, आणि वर जीवनसत्त्वें व चुना यांची जोड.