गोइंग-टु-द-सन मार्ग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माँटॅना राज्याच्या वायव्य भागात असलेल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा प्रसिद्ध घाटमार्ग. लांबी सु. ८० किमी.; सर्वोच्च बिंदू लोगन खिंड, उंची २,०२६ मी. बांधकाम १९२१–३२, औपचारिक उद्‌घाटन १५ जुलै १९३३. रॉकी पर्वताची मुख्य रांग, म्हणजेच उत्तर अमेरिका खंडाचा जलविभाजक, हा मार्ग लोगन खिंडीत ओलांडतो. खिंडीच्या पश्चिमेस पडलेले पाणी अखेर पॅसिफिक महासागरास मिळते, तर पूर्वेचे पाणी सेंट मेरी नदीवाटे कॅनडात शिरून हडसन उपसागराच्या दिशेने वाहत जाते.

घाट म्हटला, की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे देश व कोकण जोडणारी, माल आणि माणसे यांची ने-आण करणारी वाट उभी राहते. १८३० मध्ये खुला झालेला बोरघाटातील गाडीरस्ता मुंबई-पुणे दळणवळणासाठी बांधला गेला. त्यावरून दिसणारी दरी ही प्रवाशास आपोआप मिळालेली गोष्ट. प्रस्तुत मार्गाची कथा याच्या उलट आहे. त्याच्या दोन्ही टोकांना मोठे नगर नाही, व्यापारी वाहतुकीसाठी तो कधी योजलाच नव्हता आणि वर्षातील निम्म्याहून अधिक काळ त्याचा घाटमाथा बर्फाखाली असतो. मोटारीत बसून पर्वत पाहता यावा, एवढ्याच हेतूने तो खोदला गेला. त्यामुळे रस्ता कोठून न्यावा, हा प्रश्न येथे केवळ चढ-उताराचा राहिला नाही; प्रवाशाला काय दिसावे आणि काय दिसू नये, हेही आखणी करणाऱ्यांना ठरवावे लागले.

पार्श्वभूमी : उद्यानाचा पूर्वार्ध मूळचा ब्लॅकफीट या अमेरिकन इंडियन जमातीच्या राखीव प्रदेशाचा भाग. रानगव्यांचे कळप नाहीसे झाल्यावर उपासमारीने खंगलेल्या या जमातीने १८९५ च्या करारान्वये जलविभाजकाच्या पूर्वेकडील डोंगरपट्टा १५ लक्ष डॉलरांस संघशासनाच्या स्वाधीन केला. करार घडवून आणणाऱ्या तीन सरकारी प्रतिनिधींत जॉर्ज बर्ड ग्रिनेल हा निसर्गलेखक होता. पुढे उद्यानाच्या स्थापनेसाठी सर्वांत आग्रही राहिला तोही हाच. या पट्ट्यात शिकार, मासेमारी व लाकूडतोड करण्याचा हक्क जमातीने करारात राखून ठेवला होता. तथापि ११ मे १९१० रोजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या स्वाक्षरीने राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले आणि हे हक्क संपुष्टात आल्याची भूमिका शासनाने घेतली. प्रवेशशुल्क न देता उद्यानात जाण्याचा ब्लॅकफीटांचा हक्क न्यायालयाने मान्य केला, तो १९७४ मध्ये. शिकारीचा हक्क मात्र परत मिळाला नाही.

प्रारंभीचे पर्यटन ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या हाती होते. तिचा लोहमार्ग उद्यानाच्या दक्षिण सीमेवरील मरायस खिंडीतून १८९१ पासून जात होता. कंपनीचा प्रमुख लुई हिल याने आल्प्समधील घरांच्या धर्तीवर हॉटेले व डोंगरातील विश्रामगृहे उभारली. त्यांतील मेनी ग्लेशियर हे विशाल हॉटेल १९१५ मध्ये सुरू झाले. स्थानकावर उतरणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत करण्यासाठी पारंपरिक वेषातील ब्लॅकफीट स्त्रीपुरुष नेमले जात आणि त्यांची चित्रे कंपनीच्या दिनदर्शिकांवर झळकत. ज्यांना त्या डोंगरात शिकारीची बंदी झाली, त्यांचीच प्रतिमा त्या डोंगराची जाहिरात ठरावी, हा विरोधाभास त्या काळी फारसा कोणास खटकल्याचे दिसत नाही. हे पर्यटन सधनांचे होते. आगगाडीने यावे, घोड्यावर मांड टाकावी व आठवडाभर एका विश्रामगृहातून दुसऱ्याकडे जावे, अशी त्याची रीत होती.

मोटारीने हे चित्र पालटले. मौंट रेनियर उद्यानात १९०८ मध्ये व यलोस्टोनमध्ये १९१५ मध्ये मोटारींना प्रवेश मिळाला. राष्ट्रीय उद्यान सेवेचा पहिला संचालक स्टीव्हन मॅदर याचे गणित सरळ होते : मध्यमवर्गीय मोटारवाला उद्यानात आला, तरच लोकमत उद्यानांच्या बाजूने उभे राहील आणि लोकमत असेल, तरच काँग्रेस पैसा देईल. १९२४ मध्ये उद्यानांतील रस्त्यांसाठी ७५ लक्ष डॉलरांच्या खर्चास काँग्रेसने मान्यता दिली. ग्लेशियरमध्ये तोपर्यंत पर्वत ओलांडणारा रस्ताच नव्हता. पलीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांच्या मोटारी आगगाडीवर चढवून न्याव्या लागत.

आखणीचा वाद : उद्यान सेवेचा अभियंता जॉर्ज गुडविन याने १९१८ मध्ये सुचविलेला रस्ता लोगन ओढ्याच्या खोऱ्यातून वर चढत होता. त्यात गाडीचे तोंड पूर्ण मागे फिरविणारी १५ वळणे होती. रूढ पद्धतीने पाहता या आराखड्यात काही चूक नव्हती. परंतु टॉमस व्हिंट या तरुण भूरचनाकाराने त्याला हरकत घेतली. एकावर एक रचलेल्या अशा पंधरा वळणांनी सबंध खोरे खाणकामगारांनी उकरल्यासारखे दिसेल, असे त्याचे म्हणणे होते. त्याऐवजी गार्डन वॉल नावाच्या उभ्या कड्याच्या अंगानेच रस्ता कोरून न्यावा, चढ सर्वत्र ६ टक्क्यांच्या आत ठेवावा आणि संपूर्ण चढणीत असे वळण एकच असावे, असा पर्याय त्याने मांडला. हा मार्ग अधिक खर्चाचा व धोक्याचा होता.

निर्णयापूर्वी मॅदरने सार्वजनिक रस्ते विभागाचा अभियंता फ्रँक किट्रेज याच्याकडे नव्या मार्गाची मोजणी सोपविली. १९२४ च्या शरद ऋतूत किट्रेज व त्याच्या पथकातील माणसे रोज सकाळी शेकडो मीटर चढून कामावर जात आणि कड्यांवर दोरांना लोंबकळत मोजमापे घेत. काम इतके जिकिरीचे होते, की तीन महिन्यांत सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण पथकाच्या संख्येच्या तिप्पट झाले. बर्फ पडू लागेपर्यंत मोजणी पुरी झाली. मॅदरने व्हिंटच्या बाजूने कौल दिला आणि गुडविनने १९२५ मध्ये नोकरी सोडली. या सहकार्यातूनच १९२६ मध्ये उद्यान सेवा व रस्ते विभाग यांच्यात करार झाला : रस्ते विभागाने बांधावे, पण भूदृश्याचा शब्द उद्यान सेवेचा राहावा. अमेरिकेतील पुढच्या अनेक उद्यानमार्गांची घडण या कराराने ठरविली. प्रस्तुत लेखकाच्या मते या मार्गाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या उंचीपेक्षा या तडजोडीत अधिक आहे.

बांधकाम : सरोवरांकाठचे सोपे टप्पे १९२१ पासून सुरू झाले होते. पश्चिमेकडील कड्याचे कंत्राट १९२५ मध्ये देण्यात आले व १९२८ च्या अखेरीस रस्ता लोगन खिंडीस पोहोचला. खडकाचे अवाजवी तुकडे उडून खालची झाडी जखमी होऊ नये, म्हणून सुरुंगात दारू बेताने भरण्याचे बंधन होते. पूल, आधारभिंती व कठडे यांसाठी तेथल्याच खोदकामातून निघालेला दगड वापरला गेला. त्यामुळे दरीपलीकडून पाहिल्यास रस्ता कड्याच्या एखाद्या थरासारखा भासतो. पश्चिमेकडील बोगद्यास दरीच्या बाजूने दोन कमानी खिडक्या ठेवल्या असून त्यांतून समोरचे हेवन्स शिखर दिसते. बोगद्यालाही सज्जा करण्याची ही कल्पना लक्षणीय होय. पूर्वेकडील १२४ मी. लांबीचा बोगदा अधिक कष्टाचा ठरला. तेथे यंत्रे पोहोचत नसल्याने फोडलेला खडक हातांनी बाहेर काढावा लागला आणि कामगार दोराच्या शिड्यांनी कडा उतरून कामावर जात. एकूण खर्च सु. २५ लक्ष डॉलर आला. तीन कामगार मृत्युमुखी पडले.

उद्‌घाटनास लोगन खिंडीत सु. ४,००० लोक जमले होते. पर्वताच्या दोन्ही बाजूंच्या ब्लॅकफीट, कुटेनाय व फ्लॅटहेड या जमातींच्या प्रमुखांनी शांततेचा विधी केला. मॅदर १९३० मध्येच वारला होता. मार्गाचे नाव वाटेवरील गोइंग-टु-द-सन या शिखरावरून पडले. सूर्याकडे परत गेलेल्या देवतेची एक कथा या नावाशी जोडली जाते. परंतु ती प्राचीन नसून १८८० नंतरच्या दशकात एका गोऱ्या प्रवाशाने रचली असावी, असेही मानले जाते.

प्रवास व दृश्ये : पश्चिमेकडून निघाल्यास रस्ता प्रथम १६ किमी. लांबीच्या मॅक्डॉनल्ड सरोवराच्या काठाने व नंतर जुन्या देवदारवर्गीय वृक्षांच्या दाट सावलीतून जातो. ‘द लूप’ या एकमेव उलट्या वळणानंतर दरी उजव्या हातास खुली होते. बर्ड वूमन धबधबा समोर बराच वेळ दिसत राहतो. पुढे ‘वीपिंग वॉल’ येथे कड्यावरून पाझरणारे पाणी उन्हाळ्याच्या आरंभी थेट रस्त्यावर पडते. खिंडीत रानफुलांची कुरणे व पांढऱ्या पहाडी शेळ्या आढळतात. या शेळ्या मिठाच्या ओढीने, तसेच हिंस्र पशू माणसांपासून दूर राहतात म्हणून, वाहनतळाच्या आसपास वावरतात, असे संशोधनातून आढळले आहे. पूर्वेकडील उतार सेंट मेरी सरोवराशी संपतो.

दरवर्षी एप्रिलच्या सुमारास बर्फ हटविण्यास प्रारंभ होतो. खिंडीच्या पूर्वेस ‘बिग ड्रिफ्ट’ नावाचा बर्फाचा ढीग कधीकधी २४ मी. पर्यंत उंच असतो. घाटमाथा साधारणपणे जूनअखेर किंवा जुलैत खुला होतो. हिमलोटांच्या वाटेवर दगडी कठडे टिकत नसल्याने काही ठिकाणी काढता-घालता येणारे लाकडी कठडे बसविले आहेत. १९५३ मध्ये हे काम करणारे दोघे हिमलोटाखाली सापडून मरण पावले.

परिणाम : मार्गाने पर्यटनाची जुनी रीत मोडली. घोड्यांचे तांडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडले, कित्येक विश्रामगृहे ओस पडली व आठवड्याची यात्रा काही तासांवर आली. पूर्ण डांबरीकरण १९५२ मध्ये झाले. छत गुंडाळता येणाऱ्या लाल बसगाड्या १९३६ ते १९३९ या काळात आणल्या गेल्या. गिअर बदलताना होणाऱ्या कर्कश आवाजावरून त्यांच्या चालकांस ‘जॅमर’ म्हणत. चौकटी जीर्ण झाल्याने १९९९ मध्ये त्या थांबविण्यात आल्या आणि दुरुस्तीनंतर २००२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मार्गाच्या अरुंद भागात सु. ६.४ मी. पेक्षा लांब व सु. २.४ मी. पेक्षा रुंद वाहनांना मनाई आहे. १९९७ मध्ये यास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला; रस्ता रुंद करण्याच्या कल्पनेस त्यामुळे आपोआपच मर्यादा पडली.

मॅदरला हवा होता तो मोटारवाला मात्र त्याच्या अपेक्षेपलीकडे आला. १९११ मध्ये उद्यान पाहणारे सु. ४,००० होते, २०१७ मध्ये ही संख्या ३३ लक्षांच्या आसपास गेली. २००७ मध्ये मोफत बससेवा सुरू करण्यात आली. तीही अपुरी पडल्याने २०२१ पासूनच्या काही उन्हाळ्यांत गर्दीच्या वेळी मोटारीने येण्यासाठी आगाऊ नोंदणी आवश्यक करण्यात आली. सर्वांसाठी म्हणून बांधलेल्या रस्त्यावर कोणी व केव्हा यावे हे ठरविण्याची पाळी यावी, यावर स्थानिकांत बरीच नाराजी उमटली. रस्ता बांधला नसता, तर गर्दी झाली नसती हे खरे. पण तशा स्थितीत उद्यानास काँग्रेसचा पाठिंबा किती टिकला असता, हे सांगणे कठीण आहे.

हिमनद्या : ज्यांच्यावरून उद्यानास नाव मिळाले, त्या हिमनद्यांपैकी फार थोड्या या मार्गावरून दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या प्रदेशात सु. १५० हिमनद्या असाव्यात, असा अंदाज आहे. २०१५ च्या मोजणीत ०.१ चौ. किमी. पेक्षा मोठ्या अशा फक्त २६ उरल्या. २०२० पर्यंत सर्व हिमनद्या नाहीशा होतील, असे सांगणारे उद्यानातील फलक त्या सुमारास बदलण्यात आले. भाकीत तारखेपुरते चुकले होते, वितळण्याची दिशा तीच राहिली. पूर्व उतारावरील एका थांब्यावरून जॅक्सन हिमनदी दिसते. उद्यान स्थापन झाले, तेव्हा ती शेजारच्या ब्लॅकफुट हिमनदीशी एकसंध होती. १९३९ पर्यंत, म्हणजे मार्ग खुला झाल्यावर अवघ्या सहा वर्षांत, दोहोंमध्ये उघडा खडक आला होता.