अस्वानच्या ग्रॅनाइट खाणी
अस्वानच्या ग्रॅनाइट खाणी हे दक्षिण ईजिप्तमधील प्राचीन दगडखाणींचे स्थळ असून ते नाईल नदीच्या पूर्व तीरावर, पहिल्या प्रपाताजवळ वसलेल्या अस्वान शहरालगत आहे. येथील ग्रॅनाइट भरड कणांचा, गुलाबी छटेचा व अत्यंत कठीण असून गीझा येथील खूफूच्या पिरॅमिडमधील राजाच्या दालनापासून कारनॅकच्या मंदिरातील ऑबेलिस्कांपर्यंत अनेक वास्तूंसाठी तो नदीमार्गे नेण्यात आला. ऑबेलिस्क म्हणजे वर निमुळता होत जाणारा व पिरॅमिडाकार टोक असलेला चौकोनी एकसंध स्तंभ होय.

खाणीतील सर्वांत महत्त्वाचा अवशेष म्हणजे मूळ खडकातच आडवा पडलेला अपूर्ण ऑबेलिस्क. त्याची लांबी सु. ४२ मी. असून तो पूर्ण झाला असता, तर त्याचे वजन हजार टनांहून अधिक भरले असते. तो सामान्यतः हॅटशेपसूत राणीच्या (कार. इ. स. पू. सु. १४७९–१४५८) काळातील मानला जातो. कोरीव काम बरेच पुढे गेल्यावर खडकात तडे आढळले. त्याच दगडातून लहान ऑबेलिस्क काढता येईल का, हे पाहण्यासाठी नव्या रेषाही आखण्यात आल्या, परंतु अखेर काम सोडून द्यावे लागले.

तांब्याच्या किंवा काशाच्या छिन्नीचा या खडकावर निभाव लागत नसल्यामुळे पाथरवट डोलेराइट या चिवट अग्निज खडकाचे हातात मावणारे गोटे ग्रॅनाइटवर आपटून त्याची भुकटी करीत. प्रथम वरचा झिजलेला थर काढून सपाट पृष्ठ तयार करीत, चाचणीचे खड्डे खणून आतील दगडाची पारख करीत आणि मग नियोजित स्तंभाभोवती जेमतेम एक माणूस मावेल असा सु. पाऊण मीटर रुंदीचा चर खोदीत. या चरांच्या बाजूंवर शेजारीशेजारी उमटलेले उथळ, खोलगट पट्टे आजही स्पष्ट दिसतात व कामगारांनी चराचे भाग आपसांत वाटून घेतल्याचे त्यांवरून कळते. गेरूने काढलेल्या खुणांवरून मुकादम कामाची खोली मोजत असत. रेजिनाल्ड एंगेलबाख या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९२२ मध्ये या अवशेषाचा सविस्तर अभ्यास केला. त्याने स्वतः डोलेराइटचा गोटा चालवून पाहिला, तेव्हा तासाभरात सु. ५ मिमी. दगड झिजला. चर पुरेसा खोल झाल्यावर स्तंभ खालून पोखरून मोकळा करावयाचा असे. हा टप्पा येथे कधीच पूर्ण झाला नाही. परिसरात ओळीने दिसणाऱ्या पाचरांच्या खाचा बहुतांशी नंतरच्या, टॉलेमी व रोमन काळांतील असून त्यांत लोखंडी पाचरा ठोकून दगड फोडीत.

कारनॅक येथे आजही उभा असलेला हॅटशेपसूतचा सु. ३० मी. उंचीचा ऑबेलिस्क खाणीतून काढण्यास सात महिने लागले, असे त्याच्या बैठकीवरील लेखात नमूद आहे, तर देर अल्-बाहरी येथील तिच्या मंदिरातील शिल्पपटांत मोठ्या तराफ्यावरून ऑबेलिस्क नेले जात असल्याचे दृश्य आहे. पूर्ण झालेल्या स्तंभांवर घासकाम व लेखन झाल्याने हत्यारांच्या खुणा पुसल्या गेल्या. म्हणूनच प्राचीन ईजिप्शियनांचे खाणकाम समजून घेण्यासाठी हा अपूर्ण दगड सर्वाधिक विश्वासार्ह पुरावा ठरतो.

हे स्थळ आता खुले संग्रहालय असून पर्यटकांना पायवाटांवरून चरांच्या अगदी जवळ जाता येते. उन्हाळ्यातील तीव्र उष्म्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ भेटीस सोयीचा असतो. १९७९ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसायादीत अबू सिंबेल ते फिली या न्यूबियन स्मारकसमूहाचा समावेश झाला व त्यातच या खाणींचाही अंतर्भाव आहे.