फाउंडेशन, द्रवरूप (तेलकट त्वचेसाठी)

चेहऱ्याचा रंग एकसारखा दिसावा आणि डाग, लालसरपणा व रंध्रे झाकली जावीत यासाठी लावायचे रंगद्रव्ययुक्त पातळ प्रसाधन. तेलकट त्वचेसाठीच्या प्रकाराला बाजारात ‘मॅट’, म्हणजे चकाकी न येणारे, असे म्हणतात. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या किरकोळ विक्रीला औषधांप्रमाणे वेगळा परवाना लागत नसल्याने मध्यम किमतीची फाउंडेशने मेडिकलपासून जनरल स्टोअरपर्यंत सर्वत्र मिळतात. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा, निराला बाजार आणि सिडकोतील कॅनॉट या बाजारांत १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने सुरू केलेल्या लॅक्मेसह अनेक देशी-विदेशी नाममुद्रांची उत्पादने विकली जातात.

त्वचेतील तैलग्रंथींतून सीबम नावाचा स्निग्ध पदार्थ स्रवतो. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे हा स्राव वाढतो आणि कपाळ, नाक व हनुवटी या भागांत ग्रंथी दाट असल्यामुळे तेथे तो सर्वांत आधी जाणवतो. मॅट फाउंडेशन हे बहुधा पाणी व सिलिकोन यांचे पायस, म्हणजे एकमेकांत न विरघळणाऱ्या द्रवांचे स्थिर मिश्रण असते. त्यातील बाष्पनशील द्रव उडून गेला की टायटॅनियम डायॉक्साइड व लोह ऑक्साइडे यांचा पातळ थर त्वचेवर उरतो आणि सिलिका, टाल्क यांसारख्या भुकट्या वर येणारे तेल शोषून घेतात. ही शोषणक्षमता मर्यादित असते, त्यामुळे दिवसभर टिकण्याचा दावा तेलकट चेहऱ्यावर सहसा पूर्णपणे खरा ठरत नाही.

खरेदीपूर्वीची चाचणी हाच या प्रसाधनाच्या वापरातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षिलेला भाग होय. मनगटाचा रंग चेहऱ्याहून वेगळा असू शकतो, म्हणून जबड्याच्या कडेला, गाल व मान या दोहोंशी ताडून पाहता येईल असा, बोटभर पट्टा लावावा. दुकानातील ट्यूबलाइटखाली रंगाचा अंदाज हमखास चुकतो. रस्त्यावर येऊन उन्हात आरसा धरला की गुलाबी झाक व पिवळी झाक यांतील फरक लगेच दिसतो. त्यानंतर काही तास थांबणे आवश्यक असते, कारण पातळ द्रव उडून जाताना आणि रंगद्रव्ये सीबमने भिजताना छटा गडद होते. बोलण्यात याला ‘ऑक्सिडाइज होणे’ म्हणतात. तथापि लोह ऑक्साइडे मुळातच ऑक्सिडीकृत असतात. कणांभोवतीच्या हवेची जागा तेलाने घेतली की प्रकाशाचे विकिरण घटते आणि रंग काळवंडल्यासारखा दिसतो, हे त्याचे अधिक सयुक्तिक स्पष्टीकरण आहे.

छत्रपती संभाजीनगरात चाचणीला हवामानाची जोड द्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व हवा कोरडी असते, तर जूननंतर ती दमट होते. त्यामुळे उन्हाळ्यात पसंत पडलेले फाउंडेशन पावसाळ्यात ओघळू शकते. दुचाकीवरून जाणाऱ्या मुली ऊन व धूळ टाळण्यासाठी स्कार्फ चेहऱ्याला घट्ट गुंडाळतात. त्याच्या घर्षणाने नाकाच्या शेंड्यावरचा व गालफडांवरचा थर प्रथम निघतो आणि कापडावर उमटतो. म्हणून स्कार्फ बांधून घरापासून महाविद्यालयापर्यंत जाऊन पाहणे ही येथील खरी कसोटी ठरते. थर पातळ ठेवणे आणि वर आलेले तेल पुसण्याऐवजी टिपकागदाने हलके टिपणे उपयोगी पडते.

‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रे न बुजवणारे, हा शब्द वेष्टनावर नेहमी आढळतो. प्रसाधनांमुळे उद्भवणाऱ्या मुरुमांचे वर्णन क्लिगमन व मिल्स यांनी १९७२ मध्ये केले, परंतु या दाव्यासाठी सर्वमान्य अशी एकच चाचणी नाही. मुरुमे असल्यास नवे उत्पादन काही दिवस जबड्याच्या लहान भागावरच लावून पाहणे हिताचे. वेष्टनावरील एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा निर्देशांक, हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर मोजलेला असतो. फाउंडेशन तेवढे कोणी लावत नाही, म्हणून सनस्क्रीन वेगळे लावावे लागते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक व वापराची मुदत छापणे बंधनकारक आहे.