तीन अक्षरी आडनाव

हळदीचे फोटो वरातीच्या फोटोंनी गिळले, त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. तरी धाकटी बहीण दर दिवाळीला तो विषय काढतेच.

कॅमेरा मी फोर्टातल्या बोरा बाजारातून घेतला होता. दोन मेगापिक्सेलचा, आणि त्यावर माझा दीड महिन्याचा पगार गेला. सोबत आठ एमबीचं कार्ड, बिस्किटाएवढं आणि पापडासारखं पातळ. सोळा-सतरा चांगले फोटो काढले की ते भरायचं. मग धावत घरी जायचं, फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचे, कार्ड पुसायचं आणि परत मांडवात हजर व्हायचं. लग्नाच्या दोन दिवसांत अशा पाच खेपा झाल्या. कार्ड पुसलं की आमचा कॅमेरा पुन्हा एकपासून मोजायला लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटरने विचारलं, याच नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? खाली रिक्षा उभी होती. मी 'सगळ्यांना हो' म्हटलं, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तेच केलं. शेवटी उरले ते वरातीचे सतरा.

कॅमेऱ्यात क्रमांक पुढे चालू ठेवायची सोय होती. माहितीपुस्तिकेत तशी स्पष्ट ओळही होती, पण पुस्तिका वाचायचा कंटाळा माझा. मनात राहिला तो एवढाच प्रश्न, की फोटोला असं कैद्यासारखं नाव कोणी ठेवलं? चार अक्षरं, चार आकडे, टिंब आणि पुढे जेपीजी. या नावाची कुळकथा शोधता शोधता मी अशा ठिकाणी पोचले, जिथे कॅमेरा तर सोडाच, कॉम्प्युटरचा पडदासुद्धा नव्हता.

कॅमेऱ्याचा इतिहास सगळ्यांना माहीत असलेलाच. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी साडेतीन किलोचं धूड बनवलं. ते एक काळंपांढरं चित्र कॅसेटवर उतरवायला तेवीस सेकंद घेई. १९९४ मध्ये ॲपलचा क्विकटेक आला. १९९५ मध्ये कॅसिओचा क्यूव्ही-१० आला आणि काढलेला फोटो मागच्या छोट्या पडद्यावर लगेच बघायची चटक लोकांना लागली. १९९७ मध्ये सोनीच्या माविका कॅमेऱ्यांनी सरळ फ्लॉपीच पोटात घेतली. प्रत्येक घराण्याची नावं ठेवायची तऱ्हा वेगळी होती, आणि एका कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्यात घातलं तर ते वाचता येईलच याची खात्री नसे.

१९९८ मध्ये जेईआयडीए या जपानी उद्योगसंघटनेने बारसं कसं करायचं याचे नियम घालून दिले. त्या नियमावलीला डीसीएफ म्हणतात. कार्डावर 'डीसीआयएम' नावाची एक कोठी असावी. अर्थ साधा, डिजिटल कॅमेरा इमेजेस. तिच्या आत खोल्या असाव्यात. खोलीच्या नावात आधी १०० ते ९९९ पैकी एक आकडा आणि मग पाच अक्षरं हवीत. फोटोच्या नावात आधी चार मोकळी अक्षरं आणि मग ०००१ ते ९९९९. मोकळी म्हणजे कंपनीच्या मर्जीची, पण मर्जी चालणार ती मोठी रोमन अक्षरं, आकडे आणि खालची आडवी रेघ, म्हणजे अंडरस्कोर, यांच्या आतच. 'बहिणीची हळद' असं नाव त्यात बसायचा प्रश्नच नव्हता.

या चार मोकळ्या अक्षरांत कंपन्यांनी आपापली कुलचिन्हं कोरली. कॅननचं आयएमजी आणि एक रेघ, फुजीचं डीएससीएफ. निकॉनच्या छोट्या कॅमेऱ्यांचं डीएससीएन. ऑलिंपसने मात्र चातुर्य केलं: आधी पी, मग महिन्याचं एक अक्षर, मग तारखेचे दोन आकडे. त्यामुळे 'पी१०१०००१' म्हणजे एक जानेवारीचा पहिला फोटो. या नावाचे फोटो जगात पैशाला पासरी सापडतात, कारण बॅटरी उतरली की घड्याळ एक जानेवारीला जाऊन बसे आणि तारीख लावायची तसदी कोणी घेत नसे. पण नेमक्या याच नावाचा फोटो पॅनासॉनिकचाही असू शकतो, आणि तिथे १०१ हा खोलीचा क्रमांक असतो. नाव तेच, गोत्र वेगळं. सोनीच्या खोलीचं नाव '१००एमएसडीसीएफ'. त्यातला एमएस म्हणजे मेमरी स्टिक, सोनीचं स्वतःचं कार्ड. २०१० मध्ये सोनीने सगळ्यांसारखं एसडी कार्डही स्वीकारलं, पण खोलीच्या दारावरची पाटी तीच राहिली. वाडा विकला तरी पाटी मूळ मालकाचीच असते, तसं.

मग कोठी मुळात कशाला? फोटो कार्डाच्या अंगणातच का ठेवले नाहीत? माझं उत्तर असं. कार्डावर फाइलींची नोंद ठेवायच्या त्या काळच्या फॅट पद्धतीत सर्वांत वरच्या पातळीवरच्या नावांची संख्या आधीच ठरलेली असे. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर ती फक्त २२४. जागा शिल्लक असली तरी वहीतल्या ओळी संपल्या की संपल्या. आतल्या खोलीला हे बंधन नव्हतं. म्हणजे डीसीआयएम ही नुसती टापटीप नाही, अंगण लवकर भरतं हे जाणून केलेली सोय आहे.

आता वादाचा मुद्दा. १९९८ साली आठ अक्षरांच्या नावाची सक्ती कशासाठी? विंडोज ९५ मध्ये लांबलचक नावं तीन वर्षांपूर्वीच आली होती. एक लाडकं स्पष्टीकरण असं, की लांब नावांवर मायक्रोसॉफ्टची पेटंटं होती, म्हणून जपानी मंडळी घाबरली. ऐकायला झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत. पेटंटं १९९६ पासूनची असली तरी मायक्रोसॉफ्टने त्यांचे परवाने दर लावून विकायला काढले ते २००३ च्या डिसेंबरात, डीसीएफनंतर पाच वर्षांनी. पुढे पैसे वाचले हे खरं, पण तो योगायोगाचा नफा. मला कारण जास्त घरगुती वाटतं. लांब नावाच्या दर तेरा अक्षरांना वहीची एक जादा ओळ लागते, आणि त्या कॅमेऱ्यांतल्या चिमुकल्या चिपांना एकेक ओळ वाचणंही जड होतं. शिवाय फोटो फक्त कॉम्प्युटरला नाही, प्रिंटरला आणि दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यालाही वाचता यायला हवे होते. सगळ्यांना कळेल अशी एकच बोली होती, कॉम्प्युटरच्या जुन्या डॉस प्रणालीची. आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं.

ही बोली डॉसने घेतली सीपी/एमकडून. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये ती प्रणाली लिहिली. तिच्यात प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची. अर्धी नोंद म्हणजे १६ बाइट मजकूर कुठे ठेवलाय याच्या नकाशाला. उरलेल्या सोळातली एक बाइट मालकाच्या क्रमांकाला, चार हिशेबाला. शिल्लक अकरा. अकराचे आठ आणि तीन असे भाग पडले. आठ हा बाइटच्या जगातला गुळगुळीत आकडा. पण तीन का? चार का नाहीत?

हा प्रश्न फाजील नाही, कारण या तीनामुळेच जेपीईजीचं जेपीजी झालं. मूळ नाव जॉइंट फोटोग्राफिक एक्सपर्ट्स ग्रुप. तीन अक्षरांत बसवताना बळी गेला तो नेमका ई, म्हणजे एक्सपर्ट्स. तज्ज्ञांना बाहेर बसवून त्यांचं मंडळ तेवढं आत घेतलं. आपल्याकडे असं घडतं तेव्हा निदान सत्कार तरी होतो.

तीनाचा उगम सांगणारे दोन पक्ष आहेत, आणि दोघेही डीईसी या अमेरिकी कंपनीच्या अंगणात उभे आहेत. किल्डॉल यांचं सीपी/एम डीईसीच्या वळणावर बेतलेलं आहे हे मान्यच आहे. फाइल हलवण्याच्या आज्ञेचं 'पिप' हे नावसुद्धा त्यांनी तिथूनच उचललं. पहिला पक्ष म्हणतो, तीन आले पीडीपी-११ या यंत्रावरून. त्याचा शब्द, म्हणजे यंत्र एका घासात उचलतं तो बिटांचा गठ्ठा, १६ बिटांचा. चाळीस चिन्हांची एक काटकसरी लिपी वापरली तर त्यात बरोबर तीन अक्षरं मावतात, कारण चाळीसचा घन ६४,००० आणि १६ बिटांची मजल ६५,५३६ पर्यंत. गणित इतकं चपखल बसतं की मीही वर्षभर याच पक्षात होते.

पण किल्डॉल काम करत होते ते पीडीपी-१० वर, आणि त्याचं घराणं जुनं. त्याचा थोरला भाऊ पीडीपी-६ हा १९६४ चा. पीडीपी-११ जन्मायला त्यानंतर सहा वर्षं जायची होती. या थोरल्या घराण्याचा शब्द ३६ बिटांचा, आणि अक्षर सहा बिटांचं. एका शब्दात सहा अक्षरं: ते फाइलचं नाव. पुढच्या शब्दाच्या अर्ध्या भागात तीन अक्षरं: ते टिंबानंतरचं. उरलेल्या अर्ध्यात फाइल कुठे आहे त्याचा पत्ता. म्हणजे आपलं तीन अक्षरी आडनाव हे खरं तर अर्ध्या शब्दातली भाड्याची खोली आहे. पलीकडच्या अर्ध्यात पत्ता राहतो.

माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणजे धाकटा पीडीपी-८. त्याचा शब्द १२ बिटांचा, म्हणजे दोन अक्षरांचा, आणि त्याच्या ओएस/८ प्रणालीत आडनावही दोनच अक्षरी. यंत्राच्या शब्दाचं माप बदललं की आडनावाचं मापही बदलतं. कोणा माणसाला तीन अक्षरं सुबक वाटली म्हणून हे झालेलं नाही.

आडनाव हा शब्द मी उगाच वापरत नाही. त्याही आधी, १९६१ मध्ये, एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि मंडळींनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. तीही ३६ बिटांच्या आयबीएम यंत्रावर. तिथे प्रत्येक फाइलला दोन नावं असत, पहिलं आणि दुसरं, दोन्ही सहा-सहा अक्षरांची, दोन्हींना पूर्ण शब्दाचा मान. दुसरं नाव कुळाचं: हा मजकूर कोणत्या जातीचा. डीईसीच्या अंगणात येईपर्यंत या कुळनावाची अर्धी जमीन गेली आणि ते तीन अक्षरांवर आलं.

मग ३६ तरी कुठून आले? इथे पुन्हा दोन मतं. एक म्हणतं, सहा बिटांत ६४ चिन्हं मावतात, मोठी अक्षरं आणि आकडे त्यात निभावतात, म्हणून सहाच्या पटीत शब्द. दुसरं म्हणतं, कॉम्प्युटरला आधी टेबलावरच्या यांत्रिक गणकयंत्रांशी बरोबरी करायची होती, आणि हिशेबाच्या त्या यंत्रांची मजल दहा अंकी असे. दहा अंकी संख्या लिहायला ३३ बिट कमी पडतात, ३४ पुरतात. अधिक-उणेची खूण धरून ३५. आयबीएमचं १९५२ चं ७०१ यंत्र ३६ बिटांवर थांबलं. मी दुसऱ्या मताची. गरज दहा अंकांची होती, ३५ ला एक जोडल्यावर सहाने भाग जाऊ लागला हा वरचा प्रसाद. अक्षरांसाठी यंत्र बांधायचे ते दिवसच नव्हते, यंत्रं तोफांचा आणि विम्याचा हिशेब करायला बांधत.

म्हणजे साखळी अशी लागते: हिशेबनिसाचे दहा अंक, त्यांना पुरेल असा ३६ बिटांचा शब्द, त्याच्या अर्ध्यात तीन अक्षरं, तीन अक्षरांत जेपीजी, आणि जेपीजीच्या मागे आमचे सतरा फोटो. मधला एखादा दुवा कोणी तोडून दाखवला तर मी वाद घालायला तयार आहे.

कॅमेऱ्यातल्या फोटोंच्या तीन अक्षरी आडनावाला मोठी चीर पडली २०१७ मध्ये. आयफोनने एचईआयसी असं चार अक्षरी आडनाव लावलं. मला वाटलं, संपलं घराणं. गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन कॉम्प्युटरला जोडला, तर वर कोठी तीच, डीसीआयएम. फोटोंची नावंही तीच, आयएमजी, रेघ आणि चार आकडे. खोल्या मात्र महिन्यावार लावलेल्या: २०२४०२, आणि त्यापुढे दोन अंडरस्कोर.

"मावशी, या दोन रेघा कशाला?" भाचीने विचारलं.

मी कागदावर लिहून दाखवलं. आधी तीन आकडे हवेत, १०० ते ९९९ मधले: २०२. मग बरोबर पाच अक्षरं हवीत: ४०२ ही तीन झाली, दोन जागा रिकाम्या राहिल्या. म्हणून तिथे रेघा. वर्ष आणि महिना मधोमध तोडून १९९८ च्या मापात बसवलाय.

तिने कागद उलटसुलट पाहिला. "म्हणजे आईच्या हळदीचे फोटो या नियमामुळे गेले?"

"नाही गं," मी म्हटलं, "ते माझ्यामुळे गेले. खाली रिक्षा उभी होती."